जुन्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर

चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात एका डाव्या वळणावर माझ्या जुन्या मारुती ८०० च्या डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला. वळण संपलं, दिवा विझला. पुढच्या वळणाला परत तेच. ‘वायर हलत असेल’ अशी स्वतःची समजूत घालत मी घाट चढलो आणि थांबलो ते थेट कोयनानगरला. इंजिन वाचलं ते निव्वळ नशिबानं. त्यानंतर दीड-दोन महिने त्या दिव्याच्या मागे लागून मी जे शिकलो, ते इथे ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितोय. मी स्वतः ते त्या क्रमाने केलं नव्हतं.

हे सगळं जुन्या, साध्या इंजिनांना धरून आहे: कार्ब्युरेटरवाली मारुती, पद्मिनी, पुजो इंजिनची महिंद्रा जीप, असल्या गाड्या. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मध्ये येतो, पण मूळ गोष्ट तीच राहते.

दिवा नेमकं काय सांगतो

दिव्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र असतं, टोकाला थेंब लटकलेला. त्यामुळे बहुतेकांना वाटतं की तेल कमी झालं की हा दिवा लागतो. तसं नाही. हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेला एवढंच सांगतो. चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) काठोकाठ भरलेला असतानाही तो लागू शकतो.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच समजेल. पंप पाणी ढकलतो, आणि ड्रीपरची भोकं बारीक असतात म्हणून नळीत दाब तयार होतो. मध्येच नळी फाटली, ड्रीपर निघून पडले, की पंप तसाच चालू असूनही शेवटच्या ओळी कोरड्या. इंजिनात ऑइल पंप तेल ढकलतो आणि क्रँक, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट यांच्या बेरिंगमधल्या केसाएवढ्या फटीतून ते बाहेर पडतं. फटी बारीक असतील तोवर दाब टिकतो. त्या झिजून रुंदावल्या, तेल पातळ झालं, किंवा पंपाकडून पुरेसं तेलच पुढे जाईना, की दाब पडतो. प्रत्येक बिघाड शेवटी या तिन्हींपैकी कुठे तरी जाऊन बसतो. अपवाद एकच, वायर आणि स्विच. तिथे दाब ठीक असतो आणि दिवा खोटं बोलत असतो.

स्विच म्हणजे ब्लॉकमध्ये बसवलेला अंगठ्याएवढा तुकडा, त्याला एकच वायर. आत एक पडदा आणि स्प्रिंग. दाब नसला की वायर बॉडीला टेकते, अर्थिंग मिळतं, दिवा लागतो. दाब आला की पडदा सरकतो आणि दिवा विझतो. हे साधारण पाव ते अर्ध्या किलोला होतं (आपले मेकॅनिक चौरस सेंटिमीटरला एक किलो या दाबाला नुसतं ‘किलो’ म्हणतात, एक किलो म्हणजे साधारण १४ पौंड). म्हणजे तीन-चार किलोचा दाब एक किलोवर घसरला तरी दिवा गप्पच असतो. तो लागतो तेव्हा जवळजवळ काहीच शिल्लक नसतं. घाटात मी ‘नुसताच लुकलुकतोय’ म्हणत होतो, ते म्हणूनच फार चुकीचं होतं.

आधी इंजिन बंद

गाडी बाजूला घ्या, चावी फिरवा, इंजिन बंद. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नाही, घाटमाथ्यापर्यंत नाही. बेरिंग आणि क्रँकमध्ये तेलाचा पापुद्रा नसेल तर धातूवर धातू घासतो, आणि इंजिन जाम व्हायला काही मिनिटं पुरतात. टोइंगचा खर्च आणि क्रँक ग्राइंडिंगचा (खराब झालेला क्रँक घासून नीट करण्याचा) खर्च यांची तुलनाच नको.

नवशिक्यांसाठी एक खुलासा. चालत्या गाडीत ऑइलचा आणि बॅटरीचा असे दोन्ही दिवे एकदम लागले, तर बहुतेक वेळा इंजिनच बंद पडलेलं असतं. चावी चालू, इंजिन बंद या अवस्थेत हे दोन दिवे लागायलाच हवेत. रोज सकाळी स्टार्टर मारण्याआधी एक क्षण थांबून ऑइलचा दिवा लागतो ना ते बघा. लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटली आहे, आणि मग खरी वेळ येईल तेव्हा तुम्हाला काही कळणार नाही. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा तर हे पहिलं बघा. विकण्याआधी बल्ब काढून ठेवणारे लोक आहेत.

पट्टी बघा, आणि तेलाचा वास घ्या

सपाट जागा बघा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, आणि मग वाचा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं अंतर असतं. मारुती ८०० च्या इंजिनात एकूण तेलच जेमतेम तीन लिटर, त्यामुळे लिटरभर कमी झालं तर एक तृतीयांश गेलं. माझं तेच झालं होतं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल महिनोनमहिने पाझरत होतं, आणि वळणावर उरलेलं तेल एका बाजूला गेलं की पंपाची जाळी (पंप चेंबरमधून तेल ओढतो ती) उघडी पडून हवा ओढायची. वळणावर, चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावरच दिवा लागत असेल तर पहिला संशय पातळीवर घ्या.

पातळी नुसती वाचून थांबू नका. तेल बोटांत चोळा, हुंगा. पेट्रोलचा वास येतोय आणि पातळी कमी व्हायच्या ऐवजी वर गेली आहे, असं असेल तर तेलात पेट्रोल मिसळतंय. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनावर चालणारा पेट्रोल पंप असतो, त्याचा रबरी पडदा फाटला की पेट्रोल थेट खाली उतरतं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून या पडद्यावर लक्ष ठेवा. डिझेल जीपमध्ये हेच काम फीड पंपाचा सील करतो. तिथे वास ओळखणं थोडं अवघड, कारण डिझेल इंजिनाचं तेल असंही काळंकुट्ट असतं. पातळी वाढलेली दिसली तर समजा. आणि पट्टीवर किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाची साय दिसली तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात थोडं-थोडं अंतर फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडी साय धरते, ती वेगळी. पण पट्टीवरच्या तेलाचाच रंग तसा असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग) बघायला लागणार, आणि तोवर गाडी चालवायची नाही.

तेल कमी होतं, भरलं, दिवा विझला. एवढ्यावर विषय मिटला असं मी समजलो होतो. आठवड्याने कोल्हापूर नाक्यावर गर्दीत गाडी तापलेली, आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) दिवा परत मिणमिणायला लागला.

वायर आणि स्विच

बहुतेक गाड्यांत स्विच ऑइल फिल्टरच्या आसपास सापडतो. इंजिन थंड असताना चावी चालू करा, दिवा लागेल. आता स्विचची वायर काढा आणि हवेत धरा. दिवा विझला तर वायर ठीक. विझलाच नाही तर वायर मध्येच कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. गरम सायलेन्सरजवळ किंवा जिथे ती पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे शोधा.

वायर काढताना तिच्या टोकाशी आणि स्विचच्या प्लास्टिकवर ओलं तेल दिसतंय का तेही बघा. दिसलं तर आतला पडदा फाटला आहे, स्विच बदलायलाच हवा. तेल नसेल, वायर ठीक असेल, तर? बहुतेक गॅरेजमध्ये म्हणतात, ‘स्विच टाकून बघू, स्वस्त आहे.’ मीही टाकला. दिवा तसाच. मग मला सांगण्यात आलं की गाडी जुनी झाली, जाड तेल टाका, २०डब्ल्यू-५०. ते टाकलं आणि महिनाभर दिवा गायब. मी खूश.

माझा सगळा आक्षेप आहे तो या टप्प्यावर. स्विच बदलणं, जाड तेल घालणं, डब्यातलं कुठलं तरी औषध ओतणं, हे सगळं दाब न मोजता केलेले अंदाज आहेत. जाड तेलाने दाब वाढतो हे खरं, आणि झिजलेल्या इंजिनाला उन्हाळ्यापुरता तो आधार देताही येतो. पण बिघाड तिथेच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

दाब मोजा

मेकॅनिकल ऑइल गेज म्हणजे घड्याळासारखा काटा, बारीक नळी आणि आट्यांचं तोंड. वायर नाही, बॅटरी नाही. गाडीची टाकी भरायला लागतात त्याहून कमी पैशांत साधा गेज मिळतो, आणि ट्रॅक्टरचे पार्ट विकणाऱ्या दुकानात तर हमखास. स्विचला जपानी पद्धतीच्या गाड्यांत बहुधा एक-अष्टमांश इंची, निमुळते आटे असतात. पण दुकानात जाताना जुना स्विच खिशात घेऊनच जा आणि आटे जुळवून घ्या. हाताने तीन-चार फेरे सहज गेले नाहीत तर पाना लावायचा नाही, आटे चुकत आहेत.

इंजिन थंड असताना स्विच काढा, खाली फडकं धरा, गेज बसवा, नळी पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून दूर बांधा. गरम तेल दाबाने अंगावर उडालं तर भाजतं, म्हणून जोड घट्ट आहेत याची खात्री करूनच स्टार्ट करा. मग तीन वेळा आकडा लिहून घ्या: थंड इंजिन आयडलिंगला, अर्धा तास गाडी फिरवून तापल्यावर आयडलिंगला, आणि तापलेलं असतानाच रेस वाढवून.

तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा. तो नसेल तर जुना ठोकताळा: इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड. म्हणजे तापलेल्या इंजिनाला आयडलिंगला साधारण पाऊण किलो आणि तीन हजार फेऱ्यांना दोन किलोच्या वर. थंडीत चार किलो दिसले तरी हुरळून जाऊ नका, तेल घट्ट असताना सगळ्यांचीच इंजिनं तरुण असतात.

काटा काय म्हणतो

आकडे ठीक आहेत आणि दिवा तरी लागतोय? मग स्विच. आता बदला, आता त्याला अर्थ आहे.

थंडीत भरपूर, तापत जाईल तसा हळूहळू उतरत आयडलिंगला अगदी तळाला, पण रेस दिली की लगेच वर. हे एक तर पातळ तेलाचं लक्षण (पेट्रोल मिसळलेलं, किंवा मुदत संपूनही न बदललेलं), नाही तर बेरिंगच्या झिजेचं. आधी तेल आणि फिल्टर बदलून परत मोजा. फरक पडला नाही तर झीज.

थंड असो की गरम, सगळीकडेच कमी. पंप झिजलाय, किंवा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडाच राहिलाय. हा व्हॉल्व्ह म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणारी गोळी किंवा पिस्टन आणि स्प्रिंग. अडकला की तेल बेरिंगकडे न जाता परत चेंबरमध्ये. तो पंपाच्या बाहेरून उघडता येत असेल तर आधी तोच काढून धुवा, फुकटात काम होतं.

तेल-फिल्टर बदलल्यावर लगेच दाब गेला असेल तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं आहे का बघा. दोन रबरं एकावर एक बसली की मधून तेलाची धार लागते आणि चेंबर पाहता पाहता रिकामा होतो.

आणि माझ्या गाडीत जे दिसलं ते. थंड इंजिन, आयडलिंगला अडीच किलो, काटा थरथरतोय. रेस दिली, काटा वर जायच्या ऐवजी एक किलोवर खाली आला. रेस सोडली, परत वर. मी चार वेळा करून बघितलं. पंपाला जेवढं तेल हवं तेवढं ओढता येत नसेल तरच असं होतं. पातळी कमी असणं हे एक कारण, ती मी भरली होती. दुसरं म्हणजे ओढणाऱ्या पाइपाचा ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) कडक होऊन हवा घेणं. तिसरं म्हणजे जाळी तुंबणं. आणि महिनाभर ज्याने दिवा विझवून ठेवला होता, त्या जाड तेलामुळे सकाळच्या थंडीत जाळीतून ओढणं उलट आणखी अवघड झालं होतं.

चेंबर खोलणं

याला अर्धा दिवस धरा. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, पुढून जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. तेल कोमट असताना घमेल्यात उतरवा; ते गटारात किंवा शेतात ओतू नका, गॅरेजवाले एकत्र साठवून देतात. आडवा येत असेल तर सायलेन्सरचा पुढचा पाइपही सोडावा लागतो. मग चेंबरचे बोल्ट, कडेने एकाआड एक ढिले करत.

माझा चेंबर खाली आला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. तळाला आत दबलेला बशीएवढा पोचा, कुठल्या तरी उंच गतिरोधकाची खूण, बरोबर जाळीच्या खाली. जाळी आणि तळ यांच्यात बोट जाईल एवढी जागा हवी, तिथे जेमतेम नाणं सरकत होतं. आणि जाळीवर लाल रंगाच्या रबरी शेवया, गुंता होऊन बसलेल्या, त्यांच्यावर काळा चिखल. मागे कोणीतरी चेंबर बसवताना सीलंट ट्यूबभर फासलं होतं. बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळून निघतं, वाळून तुटतं आणि जाळीवर येऊन बसतं. तुम्ही लावाल तेव्हा काडीएवढी बारीक रेघ, आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने.

जाळी रॉकेलने किंवा डिझेलने ब्रश मारून धुवा, उजेडात धरून प्रत्येक भोक मोकळं दिसतंय का बघा. ओ-रिंग नवा. पोचा लाकडी ठोकळा आतून ठेवून हातोडीने बाहेर काढता येतो, चिरला तर वेल्डिंग करण्यापेक्षा दुसरा चेंबर घ्या. इंजिन न खोलता फ्लशिंग ऑइल टाकून साफ करायचा मोह होईल. चिखल साचलेल्या जुन्या इंजिनात मी ते करणार नाही. सुटलेला चिखल सगळ्यात आधी जाळीवरच जातो.

चेंबर उघडलाच आहे तर दोन मिनिटं आणखी. जुना फिल्टर पत्रा कापायच्या कात्रीने उघडा (हॅकसॉ नको, त्याचाच चुरा आत पडतो), कागद पसरून उन्हात बघा. लोहचुंबकाला चिकटणारे कण गिअर, चेन किंवा कॅमचे. न चिकटणारी चांदीसारखी चमक असेल तर ती बेरिंगच्या वरच्या थराची, आणि त्यात तांबूस कण दिसले तर वरचा थर जाऊन खालचं तांबं लागलंय. मग कनेक्टिंग रॉडची एक टोपी खोलून शेल (बेरिंगची पातळ अर्धगोल पट्टी) बघायलाच हवा. टोपीचे बोल्ट टॉर्क पान्याशिवाय परत आवळता येत नाहीत, आणि प्रत्येक टोपी आपल्याच जागी, आपल्याच दिशेने बसली पाहिजे. पहिलीच वेळ असेल तर इथून पुढे जाणता फिटर सोबत घ्या.

बेरिंग गेली आहेत की नाहीत हे कानानेही बरंच कळतं. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची. रेस सोडताना किंवा चढावर येणारी खणखणीत ठोक कनेक्टिंगच्या बेरिंगची; खालून येणारा जड, दबका धप्प आवाज मेन बेरिंगचा. ठोक येत असेल तर गेज लावून गाडी अर्धा तास फिरवायचीच नाही. शेल नुसते झिजले असतील आणि क्रँकवर नख अडकत नसेल तर त्याच मापाचे नवे शेल चालतात. नख अडकलं तर क्रँक ग्राइंडिंगला जाणार आणि त्या मापाचे, पाव मिलिमीटर किंवा त्याहून जाड शेल येणार. ग्राइंडिंगवाले त्याला ‘टेन’, ‘ट्वेंटी’ म्हणतात, इंचाच्या हजाराव्या भागातली ती मापं. क्रँक मोजून झाल्याशिवाय शेल विकत घेऊ नका.

परत स्टार्ट करताना

चेंबर बसला, सीलंट वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ दिला, नवा फिल्टर तेलाने अर्धा भरून, त्याच्या रबराला बोटाने तेल लावून हातानेच आवळला, कंपनी सांगते त्याच ग्रेडचं तेल खुणेपर्यंत भरलं. लगेच स्टार्ट करू नका. पेट्रोल गाडीत कॉइलची वायर काढा, डिझेलमध्ये इंजिन बंद करायची दांडी ओढून धरा, आणि स्टार्टर पाच-सात सेकंद मारा. थांबा, परत मारा. कोरडा पंप तेल धरेपर्यंत इंजिन पेटू द्यायचं नाही. काटा हलला, दिवा विझला, की मग वायर जोडा.

माझी गाडी त्या दिवशी तापल्यावर आयडलिंगला एक किलो आणि रेसला तीन दाखवत होती, साध्या तेलावर. गेज मी काढलाच नाही. टी जोड टाकून स्विच परत बसवला आणि गेज स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला पट्टीवर लावला. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून थेंब मोजले. दोन बोल्टांतून पाझर दिसला, ते पाव फेरा आवळले.